पायाखालचा ढोल

आमचे हे जेवायला बसले की थाळी वाजवायचे. भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत दम म्हणून नाही. दोन्ही हातांची बोटं थाळीच्या काठावर, टकटक टकटक. थाळी नसली तर पाट, पाट नसला तर दाराची कडी, आणि काहीच हाताला लागलं नाही तर माझी पाठ. मी रोज ओरडायचे, "बंद करा ती मेली टकटक! कान किटले माझे." नाव मैना आणि तोंड कावळ्याचं, असं माझी सासू म्हणायची. म्हातारी खोटं बोलत नव्हती.

मग एक वर्ष असं आलं की आमच्या घरात थाळी वाजलीच नाही.

ही तेहतीस-चौतीस सालातली गोष्ट. दिवेआगरात तेव्हा अलीमियाँ मास्तरांचा ब्यांड होता. मास्तर स्वतः क्लारनेट वाजवायचे, चार जण पितळी कर्णे फुंकायचे, काळूराम मोठा ढोल बडवायचा, एक जण झांजेला, आणि ताशाला आमचे हे, बुधाजी. लग्न हिंदूचं असो की मुसलमानाचं, श्रीवर्धनपासून म्हसळ्यापर्यंत वरात निघाली की पुढे हाच ब्यांड. यांचा ताशा सुरू झाला की काठी टेकत आलेली म्हातारीसुद्धा काठी विसरून चालायची. हे मी माझा नवरा म्हणून सांगत नाही, लोकांना विचारा.

लग्नसराई संपली की हे दिघी बंदरात मचव्यांवर माल चढवायला जायचे. तिथेच घात झाला. दोर तुटून शिडाचं आडवं लाकूड खाली आलं, ते नेमकं यांच्या डाव्या खांद्यावर. हाड बसलं, पण वाकडं बसलं. हात नुसता लोंबत राहिला, आणि खांद्याला सदऱ्याचं कापडसुद्धा जड व्हायला लागलं.

मास्तर भेटायला आले. माणूस तोंडाचा कडक, मनाचा नाही. म्हणाले, "बुध्या, ताशा ऱ्हाऊ दे. काळूराम आन् झांजवाला दोघं मुंबईला गिरणीत चाललेत. तू मोठा ढोल घे. ढोलाला एक हात पुरे."

यांचे डोळे चमकले. ढोलाचा पट्टा गळ्यात घालून हे अंगणात दहा पावलं चालले असतील नसतील, घामाघूम होऊन खालीच बसले. पट्टा खांद्यावर आला की जीव डोळ्यांत यायचा. मास्तरांनी हळूच पट्टा काढून घेतला. जाताना ढोल मात्र नेला नाही. "माझ्या घरात जागा न्हाय, ऱ्हाऊ दे हितंच पडवीत," असं म्हणाले. त्यांच्या घरात चार ढोल मावतील एवढी जागा होती, मला माहीत होतं. तेव्हापासून ढोल-ताशा-झांजेला ते जिथली वरात तिथलीच माणसं घ्यायला लागले.

त्यानंतर हे गप्प झाले. उजवा हात धडधाकट होता ना, एका हाताने काय थाळी वाजत नाही? पण नाही. समोर थाळी, हात मांडीवर, आणि नजर खाली. लग्नाची वरात गावातून गेली की हे विहिरीवर जाऊन बसायचे आणि रहाट फिरवायचे, म्हणजे रहाटाच्या कुरकुरीत ब्यांड ऐकू येऊ नये. दिवसभर मी तेवढी बोलायची, आणि माझ्या बोलण्याला ठेका द्यायला कुणी नव्हतं. मला ते घर खायला उठायचं.

त्या वर्षी आंब्याच्या दिवसांत जैनुद्दीन रजेवर आला. जैनुद्दीन म्हणजे यांचा लहानपणापासूनचा दोस्त, मोठ्या आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला होता. त्याच्या धाकट्या भावाचं, नुरुद्दीनचं, लग्न म्हसळ्याच्या फरिदाशी ठरलं होतं, त्यासाठी आलेला. आल्या आल्या तो आमच्या पडवीत बसला आणि त्याने एक अजब गोष्ट सांगितली.

"बुध्या, आमच्या बोटीवर सायबलोक नाचतात ना, तिथं एक ढोलवाला हाय. मी काय वर जाऊ शकत न्हाय. खालच्या जिन्यातून फटीतनं बघायचो, म्हणून मला त्याचे फक्त पायच दिसायचे. पण काय पाय! कसम सांगतो, उजव्या पायानं मोठा ढोल आन् डाव्या पायानं झांज. वर हात आणखी काय वाजवत व्हते ते अल्ला जाणे."

"पायानं?" हे म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी कुणाला उलट प्रश्न विचारला.

"पायानं. पायाखाली एक पट्टी, ती दाबली की समोर गोळा उठतो आन् ढोलावर बसतो." जैनुद्दीनने काठी घेऊन अंगणातल्या धुळीत चित्र काढलं. पट्टी, दांडी, गोळा, ढोल. हे उकिडवे बसून त्या चित्राकडे बघत राहिले. मग त्यांची मान वळली, आणि नजर गेली ती थेट माझ्या शिवणाच्या मशीनवर.

आता त्या मशीनचं सांगते. माझे वडील किहीमला एका पारशाच्या बंगल्यावर माळी होते. बंगल्यातली बाई कायमची मुंबईला गेली तेव्हा तिने आपली पायाची मशीन मला दिली. किहीमहून ती होडीत घालून आणली. आख्ख्या आळीत तशी मशीन नव्हती. झंपर, पोलकी, सदरे, सगळं गाव माझ्याकडे. कुणी तिच्यावर नुसता हात ठेवला तरी मी वस्सकन अंगावर जायचे.

"बघताय काय?" मी म्हटलं. "त्या मशीनला हात लावाल तर खबरदार!"

 हे उठले आणि विहिरीकडे चालू लागले. वळताना त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा विझला. ते बघून मीच विरघळले. म्हटलं, मेली मशीन काय, हाताने चाक फिरवूनसुद्धा चालते. "अवो," मी मागून ओरडले, "जाताय कुठं? कान्हा सुताराला बोलवा. आन् काढायचं ते पायडल नीट काढा म्हणावं, माझी मशीन मोडाल तर याद राखा!"

कान्हा सुतार वाड्यांचे रहाट करायचा. फिरणारं, उलटणारं काही असलं की त्याला खाणंपिणं सुचायचं नाही. आठ दिवस तो आमच्या पडवीतच पडून होता. एक रुंद फळी घेतली, त्यावर ढोल आडवा बसवला. ढोलासमोर माझं पायडल. वेताच्या काठीला काथ्याचा गोळा बांधला, वरून शेळीचं कातडं मी शिवून दिलं. डाव्या बाजूला खुंटीवर एक झांज उताणी ठेवली, तिच्यावर दुसरी पालथी, आणि वरच्या झांजेतून दोरी खाली पायपट्टीला. पट्टी दाबली की दोन झांजा एकमेकींना भेटायच्या. उजव्या हाताशी तिवईवर ताशा. एक हात, दोन पाय, तीन वाद्यं. बसायला चौरंग.

पण वाजवायला बसले आणि सगळा विचका. ढोल नुसता "धप्प" करायचा. गोळा जाऊन कातड्याला चिकटायचा, आवाज तिथेच मरायचा. कान्हाने गोळा मागे खेचायला बांबूची कांब लावली, तरी तेच. दोन दिवस धप्प, धप्प. हे लाथ मारायचे, कांब मोडायची, कान्हा नवी लावायचा. तिसऱ्या दिवशी यांनी वैतागून काठी भिरकावली. "न्हाय जमत. हाताचं काम पायाला न्हाय यायचं."

मी भात टाकत होते. तशीच पळी हातात घेऊन बाहेर आले. "पायाला न्हाय यायचं? मग मी इतकी वरसं काय हातानं शिवते? नाचता येईना अंगण वाकडं! आवो, मशीनवर कुणी लाथ मारतं व्हय? पंजा दाबायचा, लगेच टाच दाबायची. पंजा, टाच. दाबण्यापेक्षा सोडण्यात कसब हाय. पाय ठेवा पायडलवर."

त्यांनी पाय ठेवला, आणि मी माझा पाय त्यांच्या पायावर ठेवला.

आमच्यात बाईने नवऱ्याला पाय लावायचा नसतो. चुकून लागला तर वाकून नमस्कार करायचा. मी पहिल्यांदा केला. दुसऱ्यांदा केला. पण पंजा-टाच पंजा-टाच करत तासभर त्यांच्या पायावर माझा पाय, किती वेळा वाकणार? शेवटी म्हटलं, देवा, सगळे नमस्कार एकदम संध्याकाळी करते, आता जरा तिकडे बघ. कान्हा हसून हसून लोळत होता. आणि मग कधीतरी मी पाय काढून घेतला तरी खालचा पाय तसाच चालत राहिला. गोळा ढोलावर बसत होता आणि लगेच मागे येत होता, आणि ढोल असा खणखणीत बोलत होता की वाडीतले कावळे उठले.

त्यानंतर हे सकाळ-दुपार तिथेच. ढोल, झांज, वर एका हाताचा ताशा. एका हाताच्या ताशात ती तडतड नव्हती, ते मान्य. पण तिघे जण वाजवायचे तेव्हा कधी कुणी पुढे कधी कुणी मागे असायचं; इथे तिन्ही एकाच माणसाची. आळीतली माणसं कुंपणाशी उभी राहून ऐकायची. यांचा रंग बदलला, जेवण वाढलं. थाळी मात्र अजून वाजली नव्हती. मी वाट बघत होते. मला कळत होतं, ब्यांडात परत घेतल्याशिवाय ती वाजणार नाही.

एका सकाळी मास्तरांना बोलावलं. सगळी आळी जमली. मास्तर आले, एक हात गुडघ्यावर दाबून पडवीची पायरी चढले, आणि उभ्यानेच ऐकू लागले. चौरंग पुढे केला तरी बसले नाहीत. ते कधीच कुठे बसायचे नाहीत. यांनी वरातीची चाल वाजवली. जीव ओतून वाजवली. घाम नाकावरून ताशावर पडत होता. संपल्यावर आळीने टाळ्या पिटल्या, कान्हा तर स्वतःचंच कौतुक करत फिरत होता.

मास्तर म्हणाले, "छान. फार छान वाजवलंस, बुध्या. आता उठ, आन् चालून दाखव."

कुणाला काही कळेना. मग एकेकाला कळायला लागलं, आणि टाळ्या थांबल्या.

"ब्यांड चालतो," मास्तर म्हणाले. "वरात चालते, म्हणून ब्यांड चालतो. चाळीस वरसं मी चालत वाजवतोय. जो चालत वाजवत न्हाय तो ब्यांडवाला न्हाय, त्याला मी काय करू?"

अख्खी आळी रोज ऐकायला येत होती. सुतार होता, बोटीवरून जग बघून आलेला जैनुद्दीन होता, मी शहाणी होते. एवढ्या जणांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की हे धूड पायाने वाजतं खरं, पण त्याच पायांनी चालायचं असतं. आम्ही आपले अंगणात बसून भजन करणारी माणसं; बसूनच सगळं ठरवलं.

कान्हा सुतार मात्र हटेना. "गाडीत घालू! बैलगाडीत फळी ठेवायची, बुधाजी बसून वाजवील, गाडी वरातीबरोबर चालंल." सगळ्यांना पटलं. शेजारच्या सदाची बैलजोडी आणली, फळी चढवली, हे बसले, आणि यांनी पहिला ठोका दिला. बैलांच्या अगदी शेपटीमागे एवढा मोठा ढोल! बैलांनी काय केलं असेल? शेपट्या वर करून जे सुटले ते कुंपण तोडून सुपारीच्या वाडीत. सदा मागे, कान्हा सदाच्या मागे, मी कान्हाच्या मागे शिव्या घालत. ढोल उतारावरून गडगडत गेला तो वाडीच्या पाण्याच्या पाटात पडला. हे गाडीच्या कठड्याला एका हाताने लोंबकळत होते. लागलं काही नाही. लोक मात्र पोट धरून हसले. वाईट वाटेल असं नाही हसले, पण हसले.

त्या दिवशी घरी येऊन यांनी फळीवर गोणपाट टाकलं. जेवताना म्हणाले, "उद्या कान्हाला सांग, पायडल काढून तुझ्या मशीनला लाव."

"मला नको."

"तुझं हाय ते."

"एकदा दिलं ते दिलं. मला हातानं चाक फिरवायची सवय झालीय." धादांत खोटं होतं. दंड भरून यायचा माझा. पण पायडल परत मशीनला लागलं असतं तर सगळंच संपलं असतं, आणि ते मी होऊ देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जैनुद्दीनच्या घरी गेले. त्याची आई जहुराबी तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि मला रडूच कोसळलं. काय काय बोलले देव जाणे. जैनूभाऊ, तुम्ही ते सायबाचे पाय बघितले नसते तर बरं झालं असतं, असंसुद्धा म्हणाले. जैनुद्दीन दारात उभा राहून ऐकत होता.

"वैनी," तो म्हणाला, "नुरूची वरात म्हसळ्याला कशी जाणार?"

"कशी म्हणजे? मचव्यातून. खाडीनं."

"मग मचव्यात कोण चालतं?"

जहुराबीने तांदळाचं सूप खाली ठेवलं. "वरात मेरी, ब्यांड मी बोलवणार," ती म्हणाली. "मास्तरला मी बघते."

मास्तर जहुराबीपुढे काय बोलणार? फक्त एवढं म्हणाले, "मचव्यापुरता. म्हसळ्याच्या बंदरात उतरलो की ब्यांड चालतो. तिथं ढोल-ताशा-झांजेला मी तिथलीच तीन माणसं सांगून ठेवतोय." हे म्हणाले, "चालंल." चालंल म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता.

वरातीच्या दिवशी भरतीची वेळ दुपारची होती. म्हसळ्याची खाडी भरतीशिवाय मचव्याला आत घेत नाही, त्यामुळे नवऱ्यापेक्षा सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे. दिघीला मोठा मचवा लागला. चौघांनी फळी उचलून डोलकाठीपाशी मांडली, हे चौरंगावर बसले. मागे जहुराबी आणि बायका, त्यांच्यात मी. मधे नुरुद्दीन, फुलांच्या सेहऱ्यात कोंडून घामाने भिजलेला. मास्तर आणि चार कर्णेवाले पुढे, उभे.

किनारा सुटला आणि खाडीच्या तोंडाशी मचवा डुलायला लागला. आता उभ्याने कोण वाजवणार? एक कर्णेवाला बसला, मग दुसरा. मास्तर डोलकाठीला पाठ लावून उभेच. एका मोठ्या हेलकाव्याला त्यांचा तोल गेला, सूर चिरकला, आणि क्लारनेट जवळजवळ पाण्यात जात होतं. हे ठेका न चुकवता ओरडले, "मास्तर, बसा! खाली बसा!"

मास्तर बसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाजवायला बसले. फळीच्या शेजारी, दोन्ही गुडघे लांब सोडून. आधी जरा थांबले, ढोलाचे चार ठोके ऐकून घेतले, आणि मग क्लारनेट ओठांना लावलं.

काय सांगू. ब्यांड तोच, चाली त्याच, पण तसा ब्यांड मी पुन्हा ऐकलेला नाही. चालताना प्रत्येक जण आपापल्या पायाखालचा दगड बघत वाजवायचा. इथे सगळे एकमेकांकडे बघत होते. मचवा डुलत होता पण यांचा पाय जागचा हलत नव्हता. पंजा, टाच, पंजा, टाच. मी मागे बसून माझा पाय तसाच हलवत होते, मला कळलंसुद्धा नाही. जहुराबीने माझ्याकडे बघितलं आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले. म्हणाली, "खारा वारा हाय." मी म्हटलं, "व्हय, फार खारा हाय."

दोन्ही काठांवर माणसं उभी राहून बघत होती. शेतातली माणसं मचव्याबरोबर काठाकाठाने धावत होती. हळूहळू खाडी अरुंद झाली, आणि समोर म्हसळ्याचं बंदर दिसायला लागलं. काठावर फरिदाकडची मंडळी, आणि त्यांच्या पुढे ती तीन माणसं, गळ्यात ढोल, ताशा आणि हातात झांज घेऊन तयार. यांनी त्यांना बघितलं. शेवटची चाल संपवली, काठी तिवईवर ठेवली, आणि सदऱ्याला हात पुसून म्हणाले, "जावा तुमी. मी मचवा राखतो."

नवरा उतरला, बायका उतरल्या, कर्णेवाले उतरले. म्हसळ्याच्या माणसांनी ठेका धरला. वरात उभी राहिली. पण क्लारनेट वाजेना. सगळ्यांनी मागे वळून बघितलं, तर मास्तर अजून मचव्यातच, गुडघे लांब सोडून बसलेले.

"मास्तर, उतरा," जैनुद्दीन म्हणाला.

"का?"

"का काय? वरात निघाली!"

"निघू दे," मास्तर म्हणाले. "चाळीस वरसं उभ्यानं फुंकतोय. निम्मा दम या गुडघ्यांत जायचा. आज पैल्यांदा सगळाच्या सगळा दम वाजवायला मिळाला, आन् तू म्हणतोस उतरा?"

फरिदाचे वडील पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मास्तर, आमच्या दारात वरात वाजवल्याबिगर येणार? लोक काय म्हणतील?"

मास्तर तेव्हा उठले. गुडघ्यावर हात दाबून उठले, आणि यांच्या शेजारी उभे राहिले. "साहेब, ढोलवाले आलेत ते नवऱ्याला वाजवत घरापर्यंत नेतील, त्यांना नेऊ द्या. पण माझा ब्यांड ऐकायचा असंल, तर माझा ढोलवाला बसून वाजवतो. तो बसंल तिथं आमी बसणार. मांडवात जागा द्या, न्हायतर या चिंचेखाली वाजवतो आन् भरती उतरायच्या आत परत जातो."

यांनी वर बघितलं. तिवईवरची काठी पुन्हा हातात घेतली.

"बघतोस काय, बुध्या?" मास्तर खेकसले. "डावी झांज जरा सैल झालीय तुझी. दोरी आवळ."

मी तिथेच काठावर उभी राहून रडले. सगळ्या वऱ्हाडासमोर, नाक लाल होईपर्यंत. लाज कसली? वर्षभराचं साचलं होतं.

मग काय, आधी चिंचेखालीच बसले. नुरुद्दीन म्हणाला, मी पण ऐकूनच येतो, आणि आपल्या कपड्यांच्या पेटीवर बसला. नवराच बसल्यावर वरात कुठे जाणार? तीन चाली झाल्या तोवर फरिदाकडच्या बाया घर सोडून बंदरात आलेल्या. शेवटी फरिदाचे वडीलच हसायला लागले आणि म्हणाले, "अरे, मुलीचं घर वर हाय, तिला तरी ऐकू द्या!" तेव्हा चौघांनी फळी उचलली, मास्तर शेजारून चालले, आणि ब्यांड मांडवात जाऊन बसला.

पुढे लोक चिडवायचे, बसक्यांचा ब्यांड म्हणायचे. म्हणेनात का. मांडवात बसून वाजवायला आमंत्रणं यायला लागली, वरातीला चालायला दुसरे होतेच. पायडल काही मशीनला परत लागलं नाही. मी चाक हाताने फिरवते, कधी हे बाजूला बसून उजव्या हाताने फिरवून देतात, आणि त्यांच्या हाताला ठेका सुटत नाही म्हणून माझी शिवण वाकडी जाते. गिऱ्हाइकांना मी सांगते, हल्ली अशीच पद्धत आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्या वरातीच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी आम्ही परत आलो. मी चूल पेटवली, तांदळाची भाकरी थापायला बसले. हे मागे पाटावर येऊन बसले. मी थाळी सरकवली. पाठ त्यांच्याकडे, तोंड चुलीकडे. पहिली भाकरी तव्यावर टाकली, आणि मागून हळूच आवाज आला.

टक. टकटक. टक.

माझा हात पिठात तसाच राहिला. एका हाताचीच टकटक होती, जरा अडखळत, पण होती. तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी मला उलटायचं सुधरेना. धूर झाला तसे हे थांबले.

"बंद करू व्हय?" त्यांनी विचारलं.

मी मागे वळले नाही. "करून तर बघा!" म्हटलं, आणि जळकी भाकरी काढून दुसरी टाकली.